डिझर्टेशन झालं, आता एजेओ-डीओ, अँगल की जेआयओएस? इंदूरच्या ऑर्थो पीजींसाठी तुलना

ऑर्थोडॉन्टिक्स, म्हणजे वाकडे दात सरळ करण्याची शाखा, तिच्या पीजीचं डिझर्टेशन (पदव्युत्तर प्रबंध) विद्यापीठात जमा झालं की प्रश्न येतो पेपर कुठे पाठवायचा. विभागात तीन नावं निघतात. गाईड म्हणतात 'एजेओला टाकून बघ', सिनियर म्हणतो 'अँगल बरं', आणि ज्याला नोकरीच्या अर्जात लवकर एक ओळ घालायची आहे तो म्हणतो 'आपल्या सोसायटीचंच जर्नल धर'. तिघांचंही थोडं थोडं बरोबर असतं. चूक एवढीच की तिघेही मान किती मोठा ते मोजतात. मोजायचं दुसरंच असतं: तुमच्याकडे आहे त्या कामाला कोणतं जर्नल कशावरून परत पाठवेल. ते आधी कळलं तर सहा-आठ महिने वाचतात.

आधी ओळख, थोडक्यात. अमेरिकन जर्नल ऑफ ऑर्थोडॉन्टिक्स अँड डेंटोफेशियल ऑर्थोपेडिक्स, म्हणजे एजेओ-डीओ, १९१५ पासून चालू आहे. ते अमेरिकन असोसिएशन ऑफ ऑर्थोडॉन्टिस्ट्सचं मुखपत्र, प्रकाशक एल्सेव्हिअर, निघतं दरमहा. द अँगल ऑर्थोडॉन्टिस्ट १९३१ पासून निघतं. ते दर दोन महिन्यांनी येतं आणि त्याचे सगळे अंक वेबसाइटवर फुकट वाचता येतात. तिसरं इंडियन ऑर्थोडॉन्टिक सोसायटीचं जर्नल, बोलीत जेआयओएस. सोसायटी १९६५ ची, जर्नलचा प्रकाशक सध्या सेज, आणि तेही कुणालाही मोफत वाचता येतं.

काम कोणत्या जातीचं आहे

क्लिनिकल ट्रायल असेल तर पहिला प्रश्न जर्नलचा नाही, सीटीआरआयचा, म्हणजे भारतातल्या ट्रायलच्या नोंदवहीचा, आहे. १ एप्रिल २०१८ पासून तिथे ट्रायलची नोंदणी पहिला पेशंट घेण्याआधीच करावी लागते, मागाहून होत नाही. कॅनाइन रिट्रॅक्शनवर (सुळा मागे सरकवण्यावर) लेझर, पीआरएफ (पेशंटच्याच रक्तातून काढलेलं फायब्रिन) किंवा मायक्रो-ऑस्टिओपरफोरेशनचा (हाडाला बारीक छिद्रं पाडण्याचा) परिणाम, असे विषय दर बॅचला दोन-तीन तरी असतात. त्यातल्या ज्यांनी सिनॉप्सिस (संशोधनाचा आराखडा) मंजूर झाल्या झाल्या नोंदणी केली त्यांना तिन्ही दारं उघडी. ज्यांनी केली नाही त्यांच्यासाठी एजेओ-डीओचं दार बंदच समजा, कारण तिथे ट्रायलचा नोंदणी क्रमांक आणि कॉन्सॉर्टची (ट्रायल कशी मांडायची याची) यादी मागतातच. अशा वेळी ट्रायलला 'प्रॉस्पेक्टिव्ह स्टडी' असं नाव देऊन पाठवायची युक्ती सुचते. करू नका. मेथड्समध्ये 'रँडमली' हा शब्द एकदा जरी राहिला तरी रिव्ह्यूअर ओळखतो, आणि मग प्रश्न नोंदणीचा उरत नाही, सचोटीचा होतो. नोंदणी नाही, तर तसं स्पष्ट लिहा आणि जे जर्नल त्यासह विचार करायला तयार असेल तिथेच पाठवा.

दुसरा अडथळा सँपल साइझचा. दोन स्वतंत्र गट, अल्फा ०.०५, पॉवर (खरा फरक असेल तर तो पकडण्याची शक्यता) ८० टक्के धरली, तर मध्यम फरकासाठी, म्हणजे अर्ध्या स्टँडर्ड डेव्हिएशनएवढ्या, प्रत्येक गटात ६४ जण लागतात. मोठ्या फरकासाठी, ०.८ धरला तर, २६; आणि १५ टक्के पेशंट मध्येच सोडून जातील हे धरून ३१. आपल्याकडे सवयीने १५-१५ चे गट असतात. तेवढ्यात एका पूर्ण स्टँडर्ड डेव्हिएशनहून मोठा फरकच पकडता येतो. म्हणजे 'दोन्ही गटांत फरक आढळला नाही' हे तुमचं निष्कर्षवाक्य रिव्ह्यूअर 'फरक पकडायची ताकदच नव्हती' असं वाचतो. स्प्लिट-माउथ (एकाच तोंडाच्या दोन बाजूंवर दोन उपचार) असेल तर हिशेब वेगळा, कमी पेशंट चालतात, पण टेस्टही पेअर्ड हवी. स्प्लिट-माउथ करून अनपेअर्ड टी-टेस्ट लावलेले पेपर अजूनही दिसतात, आणि तिन्ही जर्नलांतून परत येतात.

ब्रॅकेट फेल्युअरवरच्या (दातावर चिकटवलेला ब्रॅकेट निघण्यावरच्या) कामात हीच चूक दुसऱ्या वेषात येते. ३० पेशंट, प्रत्येकी २० ब्रॅकेट, म्हणून लिहिलं जातं '६०० नमुने'. पण एका तोंडातले वीस ब्रॅकेट एकमेकांपासून स्वतंत्र नसतात. जो पोरगा कडक ऊस खातो त्याचे चार एकदम निघतात. त्यामुळे ६०० वर काढलेली पी व्हॅल्यू फसवी असते. एजेओ-डीओचे संख्याशास्त्राचे रिव्ह्यूअर हे पहिल्या वाचनातच पकडतात. क्लस्टरिंग धरून अ‍ॅनालिसिस करून घ्या, मग पाठवा.

स्थानिक नॉर्म्सचा अभ्यास, म्हणजे 'इंदूरच्या लोकसंख्येतील स्टायनरची मूल्यं' (एक्स-रेवरून मोजलेले जबड्यांचे आणि दातांचे कोन) या जातीचा, हे जेआयओएसचं काम. परदेशी जर्नलं त्याला 'लोकल इंटरेस्ट' म्हणून काही दिवसांत परत करतात, आणि त्यांच्या जागी बसून पाहिलं तर ते समजण्यासारखं आहे. पण जेआयओएसलाही पाठवताना 'इंदूरची लोकसंख्या' म्हणजे कोण, हे लिहावं लागतं. होळकरांबरोबर आलेली मराठी घरं, फाळणीनंतर आलेले सिंधी, माळव्यातली गावं सोडून शहरात आलेली कुटुंबं, सगळी एकाच ओपीडीत येतात. एका विभागातल्या ६० लॅटरल सेफना (डोक्याच्या बाजूने काढलेल्या एक्स-रेंना) शहराचं नाव लावता येत नाही. वंश किंवा समाज विचारून नोंदवला असेल तर तसं लिहा; नसेल तर शीर्षकातून 'पॉप्युलेशन' काढा आणि 'एका संस्थेतील पेशंट' लिहा. पेपर लहान दिसतो, पण टिकतो.

बाँड स्ट्रेंथच्या (ब्रॅकेट दातावर किती घट्ट चिकटतो याच्या) लॅब-स्टडीला एजेओ-डीओमध्ये जागा मिळणं कठीण. अँगल आणि जेआयओएस तुलनेने मोकळे, पण पद्धत नेमकी लिहिली असेल तरच. काढलेले प्रीमोलर कशात ठेवले (०.१ टक्का थायमॉल की नुसतं पाणी), किती दिवस, मशीनच्या क्रॉसहेडचा वेग मिनिटाला अर्धा मिलिमीटर की एक, बेसचं क्षेत्रफळ कंपनीच्या पत्रकातून घेतलं की स्वतः मोजलं. शेवटच्या मुद्द्यावर बरेच पेपर घसरतात. ८० न्यूटनला ब्रॅकेट निघाला आणि बेस ११ चौरस मिलिमीटर, तर ताकद ७.३ मेगापास्कल. तोच बेस १० धरला तर ८, आणि १२ धरला तर ६.७. रेनॉल्ड्सनी १९७५ मध्ये सुचवलेल्या ५.९ ते ७.८ च्या पट्ट्यात तुमचं मटेरियल बसतं की त्याच्या वर जातं, हे त्या एका चौरस मिलिमीटरवर ठरतं. एआरआय स्कोअर (ब्रॅकेट निघाल्यावर दातावर किती अॅडहेसिव्ह राहिलं त्याचा) द्यायला विसरू नका, ० ते ३. तो नसला तर रिव्ह्यूअर मागतोच.

केस रिपोर्टसाठी निवड सोपी आहे. अमेरिकन असोसिएशनने २०२१ मध्ये 'एजेओ-डीओ क्लिनिकल कम्पॅनियन' हे वेगळं जर्नल काढलं. केसेस आता तिथल्या. जेआयओएसलाही केस पाठवता येते. कुठेही पाठवा, रेकॉर्ड पूर्ण हवेत: तीन एक्स्ट्रा-ओरल आणि पाच इंट्रा-ओरल फोटो, उपचाराआधी आणि नंतर, त्याच कोनातून, रिटेन्शनमधलेही (ब्रॅकेट काढल्यानंतरच्या काळातलेही) असले तर केसचं वजन दुपटीने वाढतं. सुपरइम्पोझिशनमध्ये (एक्स-रेचे ट्रेसिंग एकावर एक ठेवून बदल दाखवताना) सुरुवात काळी, मधली निळी, शेवट लाल, हा अमेरिकन बोर्डाचा संकेत सगळीकडे चालतो. मधल्या टप्प्याचा सेफ नाही म्हणून आधीचाच थोडा सरकवून ट्रेस करायचा, हा प्रकार होतो. सेला आणि नेझिऑन (कवटीवरच्या दोन ठरलेल्या खुणा) एकावर एक ठेवल्यावर कानाची नळी मिलिमीटरभर हलली की तो उघडा पडतो.

पैसा आणि वाचन

एजेओ-डीओ हायब्रिड आहे. सबस्क्रिप्शनच्या मार्गाने छापायला लेखकाला पैसे पडत नाहीत. ओपन अ‍ॅक्सेस निवडलं तर काही हजार डॉलर. पेपर स्वीकारला गेल्यावर करारनाम्याचा ऑनलाइन फॉर्म येतो आणि त्यात हे दोन पर्याय येतात. आनंदाच्या भरात 'ओपन अ‍ॅक्सेस' वर टिक केली की बिल सुरू. म्हणून तो फॉर्म गाईडला शेजारी बसवून भरा. जेआयओएस आणि अँगलच्या बाबतीत सबमिशनच्या दिवशी त्यांच्या साइटवरचं फीचं पान वाचा, मागच्या बॅचच्या ऐकीव माहितीवर जाऊ नका.

वाचनाच्या बाबतीत इंदुरात सरकारी आणि खासगी कॉलेज यांच्यात आता खरा फरक आहे. १ जानेवारी २०२५ पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन'खाली सरकारी उच्चशिक्षण संस्थांना एल्सेव्हिअर, ऑक्सफर्ड, वायली, सेज यांची जर्नलं खुली झाली. खासगी कॉलेजं पहिल्या टप्प्यात नाहीत. खासगी कॉलेजात असाल तर एजेओ-डीओचे ताजे लेख न वाचता एजेओ-डीओसाठी लिहावं लागतं, आणि ते डिस्कशनमध्ये लगेच दिसतं: सगळे संदर्भ २०१८ च्या आधीचे, जे मोफत मिळाले तेवढेच. अशांनी अँगलकडे आधी पाहावं हे आमचं मत. सगळे अंक हाताशी असतात, त्यामुळे त्यांच्याच गेल्या तीन वर्षांच्या चर्चेला धरून लिहिता येतं.

आणि ते चौथं, जे मेलमध्ये आपणहून येतं: 'डिअर एमिनंट डॉक्टर', पाच दिवसांत रिव्ह्यू, फी रुपयांत. ऑर्थोचं जर्नल म्हणतात आणि मागच्या अंकात शेतीवरचा पेपर असतो. त्याची तुलना इथे करत नाही.

फाइल तयार करताना

तिन्हीकडे टायटल पेज वेगळं आणि मुख्य फाइल बिननावाची. नाव फक्त पहिल्या पानावरून काढून भागत नाही. मेथड्समधली 'अमुक कॉलेज, इंदूर' ही ओळ, एथिक्स कमिटीच्या पत्राचा क्रमांक (त्यात कॉलेजची आद्याक्षरं असतात), वर्डच्या फाइल प्रॉपर्टीजमधलं लेखकाचं नाव, हे सगळं काढा. आणि लॅटरल सेफ व ओपीजीचे (सगळ्या दातांच्या एका एक्स-रेचे) कोपरे पाहा. डिजिटल मशीन वरच्या कोपऱ्यात पेशंटचं पूर्ण नाव, वय, तारीख आणि सेंटरचं नाव बारीक पांढऱ्या अक्षरात छापतं. स्क्रीनवर ते दिसत नाही. चित्र दोनशे टक्के मोठं केलं की सरळ वाचता येतं. त्यावर पॉवरपॉइंटमध्ये काळा चौकोन ठेवणं पुरेसं नाही, चौकोन उचलला की नाव खाली तसंच असतं. चित्र क्रॉप करा किंवा सपाट करून नव्याने सेव्ह करा.

डोळ्यांवर काळी पट्टी लावून ओळख लपत नाही, असं वैद्यकीय संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचंच म्हणणं आहे. चेहऱ्याच्या फोटोला प्रकाशनाची लेखी संमती हवी, उपचाराची संमती वेगळी. फॉर्म पेशंटला कळेल त्या भाषेत, इथे बहुधा हिंदीत, काही घरांसाठी मराठीत. पेशंट अठराच्या खाली असेल तर आई किंवा वडिलांची सही. ही सही डिबाँडिंगच्या (ब्रॅकेट काढण्याच्या) दिवशीच घ्या. नंतर पोरगं पुण्याला शिकायला गेलं की हाती लागत नाही.

फोटो छपाईच्या आकाराला ३०० डीपीआय हवेत. एका कॉलमची रुंदी साडेआठ सेंटिमीटर धरली तर किमान हजारेक पिक्सेल रुंद. कॅमेऱ्यातून थेट घेतलेला फोटो यात सहज बसतो. तोच व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरून आला की दाबला जातो आणि ब्रॅकेटच्या कडा मऊ होतात.

एसपीएसएस या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरच्या टेबलात पी व्हॅल्यू ०.००० येते. ती तशीच छापू नका, '०.००१ पेक्षा कमी' लिहा. मोजमापाची चूक सगळेच मागतात: दोन आठवड्यांनी २० ते ३० सेफ पुन्हा ट्रेस करा, डालबर्गच्या सूत्राने, म्हणजे फरकांच्या वर्गांची बेरीज भागिले दोन एन, त्याचं वर्गमूळ, चूक काढा आणि सोबत आयसीसी (दोन्ही वेळची मोजमापं किती जुळतात त्याचा आकडा) द्या. अर्ध्या अंशाची चूक असताना एएनबीत (वरचा आणि खालचा जबडा एकमेकांच्या मागे-पुढे किती ते सांगणाऱ्या कोनात) ०.४ अंशाचा बदल 'सिग्निफिकंट' म्हणून सांगणारा पेपर तिन्हीकडून परत येईल.

फरक इथे आहे. एजेओ-डीओला हायलाइट्स हवेत: तीन ते पाच ओळी, प्रत्येकी मोकळ्या जागा धरून ८५ अक्षरांपर्यंत. अँगल लांबीला कडक आहे. शीर्षकापासून संदर्भांपर्यंत ३५०० शब्दांत बसवायचं. दीडशे पानांच्या डिझर्टेशनमधून एवढं काढताना बहुतेक जण मेथड्स कापतात. कापायचा असतो रिव्ह्यू ऑफ लिटरेचर. त्यातले दोन परिच्छेद इंट्रोडक्शनला पुरतात. म्हणून जर्नल आधी ठरवा. एजेओ-डीओसाठी लिहिलेलं अँगलमध्ये कापून बसवणं, नव्याने लिहिण्याहून जास्त वेळ खातं.

क्रम

एका वेळी एकच जर्नल, दोन ठिकाणी एकदम पाठवणं चालत नाही. नोंदणी केलेली, पुरेशा सँपलची ट्रायल: एजेओ-डीओ, मग अँगल. लहान, नेटकी रेट्रोस्पेक्टिव्ह किंवा लॅब-स्टडी: अँगल, मग जेआयओएस. स्थानिक नॉर्म्स, सर्व्हे: पहिल्याच फेरीत जेआयओएस, वर्ष घालवू नका. नोंदणी राहून गेलेली ट्रायल: जे जर्नल त्यासह विचार करायला तयार असेल तिथेच. डिझर्टेशन विद्यापीठात जमा आहे हे कव्हर लेटरमध्ये एका ओळीत सांगा, म्हणजे सिमिलॅरिटी रिपोर्टमध्ये स्वतःचीच वाक्यं निघाली तरी गोंधळ होत नाही.

लेखकांचा क्रम सबमिशनआधी कागदावर सह्यांनिशी ठरवा. नंतर बदलायला सगळ्यांची लेखी संमती लागते. आणि कॉरस्पॉन्डिंग लेखकाचा पत्ता म्हणून कॉलेजचा ईमेल देऊ नका. पीजी संपली की तो बंद होतो, रिव्हिजनचं पत्र त्यात येऊन पडतं, मुदत उलटते आणि जर्नल फाइल बंद करतं.