कास पठार: सोबत एक भिंग न्या

गौरी-गणपती उरकले की आमच्या घरी दरवर्षी कासचा विषय निघतो आणि पाऊस नाहीतर गर्दी, या दोन कारणांवर तिथंच बसतो. यंदा मी पितृपंधरवड्यातल्या एका बुधवारी शाळेत रजा टाकली, दिरांनी गाडी काढली आणि सत्तरी ओलांडलेल्या सासूबाईंना पुढच्या सीटवर बसवून आम्ही पहाटे पाचला कराड सोडलं. वार मुद्दाम सांगतेय. शनिवार-रविवारी गेलेल्या आमच्या शेजाऱ्यांनी फुलांपेक्षा गाड्यांचेच फोटो जास्त आणले होते.

साताऱ्यातून समर्थ मंदिर, बोगदा आणि मग यवतेश्वरचा घाट. अंतर साधारण पंचवीस किलोमीटरच आहे, पण घाई करू नका. रस्ता डोंगराच्या माथ्यावरून जातो. डावीकडं सज्जनगड आणि उरमोडीचं पाणी, उजवीकडं कण्हेरचं. ढग बाजूला झाले की दोन्हीकडं एकदम उघडतं. वाटेत एका हॉटेलात थांबलो तिथं मिसळ गार आणि स्वच्छतागृह बघवेना असं होतं. वयस्कर माणसं बरोबर असतील तर साताऱ्यातच सगळं आटोपून वर चढा.

पठारावर रोज ठराविक लोकांनाच सोडतात, म्हणून ऑनलाइन नोंदणी आधी करून ठेवलेली बरी. आम्ही सकाळची वेळ घेतली. गाडी लांब लावून पुढं छोट्या बसनं जायचं. व्यवस्था आसपासच्या गावांच्या वन समित्यांकडं आहे आणि वाटाडेही याच गावांतले. आम्हाला एक ताई मिळाल्या. त्यांच्यासाठी दिलेला एकेक रुपया कारणी लागला.

आता मुख्य गोष्ट. मोबाईलवर फिरणारे गालिच्याचे फोटो डोक्यात घेऊन गेलात तर पहिली दहा मिनिटं हिरमोड होईल. दिरांचा झाला. तेरड्याचा गुलाबी पट्टा होता, सोनकीचा पिवळा होता, पण मधे जांभ्याचा काळपट खडक आणि गवतही भरपूर होतं. सासूबाई तर म्हणाल्या, “तेरडा बघाया एवढ्या लांब? आमच्या पाटणात पायलीला पन्नास.” त्यांच्या माहेरी तेरड्याचीच गौर आणतात. पण जरा वाकून बघितलं आणि लगेच म्हणाल्या, “ह्यो आपला न्हवं गं, ह्यो बुटका हाय.” ताई खूश झाल्या. खरंच तो वेगळा तेरडा आहे, सह्याद्रीबाहेर कुठं न होणारा.

तिथून पुढं आम्ही वाकूनच फिरलो. मी शाळेतलं भिंग पिशवीत टाकून नेलं होतं, आणि या सहलीत त्याच्याइतकं काहीच उपयोगी पडलं नाही. ताईंनी ओलसर जागी बोट दाखवलं तिथं जांभळ्या-निळ्या, नखाएवढ्या फुलांचा थवा होता. सीतेची आसवं. एवढं हळवं नाव, आणि झाड मात्र शिकारी! जमिनीखाली त्याला बारीक पिशव्या असतात आणि पाण्यातले सूक्ष्म जीव त्यात ओढले जातात. थोड्या अंतरावर दवबिंदू नावाचं दुसरं शिकारी झाड. केसांसारख्या तंतूंवर चिकट थेंब, आणि एका थेंबात अडकलेलं चिलट भिंगातून स्पष्ट दिसलं. सासूबाईंनी भिंग घेतलं ते पाच मिनिटं परत दिलं नाही.

हे इथंच का, तर खडकावर मातीचा थर जेमतेम काही इंचांचा आणि तोही निकस. मोठं झाड मूळ धरू शकत नाही. पावसाळ्यात पाणी साचतं, उन्हाळ्यात तोच कातळ तापतो. म्हणून उगवणं, फुलणं, बी धरणं हे सगळं या रोपांना दोन-तीन महिन्यांत उरकावं लागतं, आणि मातीत जे मिळत नाही ते काही झाडं किड्यांकडून मिळवतात. इथं फुलझाडांच्या साडेआठशेहून जास्त जाती नोंदल्या आहेत. २०१२ साली पश्चिम घाटातली जी ठिकाणं जागतिक वारसा ठरली त्यांत कास आहे. दर दहा-पंधरा दिवसांनी रंग बदलतो, त्यामुळं मी बघितलं तेच तुम्हाला दिसेल असं नाही. पांढऱ्या गोल गुंड्यांसारखे गेंद आम्हाला भरपूर मिळाले. पिवळी ‘मिकी माऊस’ थोडीच. टोपली कारवी सात वर्षांनी फुलते, तिचा योग नव्हता.

एकदा धुकं असं आलं की पुढचा माणूस दिसेना. वाऱ्यानं छत्री उलटी होते, रेनकोटच न्या. ओला जांभा निसरडा असतो, पावसाळी बूट हवेतच. कुमुदिनी तळं पाऊण तासाच्या चालीवर आहे, जुन्या राजमार्गानं. सासूबाईंचे गुडघे पाहता त्या आणि दीर मागं थांबले, मी एकटी गेले. पाण्यावर गोल पानं आणि त्यांतून वर आलेली पांढरी झालरदार फुलं. तिथं कुणीच नव्हतं. दहा मिनिटं मी नुसती उभी राहिले.

एक गोष्ट मात्र सलते. मळलेली वाट सोडून फोटोसाठी आत शिरणारे दोघेतिघे बुधवारीही होतेच. एकजण सीतेच्या आसवांवरच बसला होता. ताईंनी त्याला शांतपणे उठवलं. मला ते जमलं नसतं, मी ओरडलेच.

फूल तोडून आणायचं नाही, म्हणून गुरुवारी वर्गात मी फळ्यावर सीतेच्या आसवांच्या त्या शिकारी पिशवीचं चित्र काढलं. चौथीतल्या एकीनं विचारलं, “बाई, आपल्या माळावर बी असतंय का असलं?” शनिवारी सकाळची शाळा सुटली की भिंग घेऊन सगळी माळावर जाणार आहोत. सासूबाईही येणार म्हणतात.