सूफी-जरथुश्ती साधनेचा ऑनलाइन वर्ग : दिवा पटला, कैदखाना नाही

गिरडच्या टेकडीवर बाबा फरीदांच्या दर्ग्याला आमच्या घरचे पिढ्यान्‌पिढ्या जातात, त्यामुळे सूफी वाट मला परकी नव्हती. पारशी धर्माचं मात्र काहीच ठाऊक नव्हतं. दोन्ही जोडून आत्मज्ञानाची साधना शिकवणारा हा हिंदी वर्ग भाचीनं सुचवला. फी अडीच हजार. कापसाच्या वेचणीत लावला, तरी झेपला, कारण पाठ उतरवून ठेवता येतात.

सगळा वर्ग उभा आहे सुहरावर्दीवर. हा इराणी तत्त्वज्ञ. त्याचा ‘हिकमत अल-इश्राक’ हा ग्रंथ ११८६ मध्ये पूर्ण झाला आणि ११९१ मध्ये सीरियातल्या अलेप्पोत त्याला ठार केलं. चाळिशीही गाठली नव्हती. ईश्वर म्हणजे प्रकाशांचा प्रकाश, त्यातून निघालेला पहिला प्रकाश बहमन. पाण्याचा अधिपती खोरदाद, झाडांचा मुरदाद, अग्नीचा उर्दिबेहेश्त. ही पारशी धर्मातली जुनी इराणी नावं एका मुसलमान साधकानं आपल्या दर्शनात मानानं बसवली, हे ऐकून मी थक्क झाले. कोणती गोष्ट कुठून आली, हे गुरुजी प्रत्येक वेळी सांगतात. सगळं एकच आहे म्हणून भागवत नाहीत. हे मला फार आवडलं.

साधना साधी आहे. पहाटे दिवा डोळ्यांच्या उंचीवर ठेवायचा, श्वास सोडताना ‘या नूर’ म्हणायचं, मग डोळे मिटून तीच ज्योत छातीत पाहायची. वात बारीक ठेवा, नाहीतर काजळी धरते आणि ज्योत हलते. पंखा बंदच हवा. मला यानं खरंच स्थिरता आली.

तिसऱ्या भागाशी मात्र माझं जमलं नाही. देह म्हणजे विहीर, जग म्हणजे कैदखाना, जीव परदेशी अडकलेला. सुहरावर्दीच्या एका रूपककथेत ही विहीर आहे, मान्य. पण वर्गात तेच पारशी धर्माचा संस्थापक जरथुश्त्र याच्या नावावरही घातलंय. त्याच्या धर्मात सृष्टी अहुरमज्दाची, म्हणजे ईश्वराची, आणि चांगली. वाईट तिच्यावर बाहेरून चालून येतं. वेंदिदाद या पारशी धर्मग्रंथाचा तिसरा भाग मी मुद्दाम मिळवून वाचला. धान्य पेरणारा धर्म पेरतो, असं त्यात स्पष्ट आहे. धान्य, चारा, फळझाडं जिथं लावली जातात तिथं भुई सुखी असते, हेही आहे. ज्या धर्मात नांगरणी पुण्याची, त्याच्या नावानं मला माझं वावर तुरुंग म्हणून कोणी शिकवू नये. चांगला विचार, चांगलं बोलणं, चांगली करणी ही त्या धर्माची त्रिसूत्री; यातल्या करणीला पूर्ण वर्गात एकच पाठ मिळालाय, तोही घाईत उरकलेला.

मी हे लिहून कळवलं. ‘पुढच्या वर्गात घेऊ’ असं उत्तर आलं. पुढच्या वर्गाची फी वेगळी आहे.

तरी पहिले दोन भाग घ्याच. तिसऱ्याच्या आधी वेंदिदादचा तो भाग वाचून ठेवा. आणि आमच्यासारखी रात्री रेंज जात असेल, तर पाठ दुपारीच उतरवून घ्या.