होस्टिंग स्वस्त आहे, चांगलं आहे, पण वहिनींच्या चकल्या कार्टमधून उडायच्या त्याचं काय

तीन स्टार देतोय. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाही, कारण जो घोळ झाला त्यात थोडा त्यांचा हात, थोडा माझा, आणि बाकीचा शेअर्ड होस्टिंग, म्हणजे एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट ठेवायच्या, या प्रकाराचाच.

आमच्या वहिनी लालबागला घरूनच फराळाच्या ऑर्डरी घेतात. आधी सगळं व्हॉट्सॲप आणि एक तेलकट वही असा कारभार होता, मग मीच हौसेने म्हटलं साइट करून देतो. साधं पीएचपी (साइट लिहायची प्रोग्रामिंगची भाषा), लॉगिन, कार्ट, पत्ता, संपलं. सर्व्हर घेण्याइतकं काही नव्हतं म्हणून सगळ्यात खालचा शेअर्ड प्लॅन घेतला. स्पीड ठीक, एसएसएल (ब्राउझरमधलं ते सुरक्षित कुलूप) फुकट, साइट बंद पडलेली मला तरी दोनदाच दिसली. त्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार सुरू झाली दिवाळीच्या आधी. वहिनींचा फोन, "भावजी, ती विरारची बाई तिसऱ्यांदा सांगतेय, दादरला गाडीत बसल्यावर चकली, अनारसे सगळं टाकलं, जरा डोळा लागला आणि वसईला उघडून बघते तर कार्ट रिकामं, परत लॉगिन मागतंय. मी काय सांगू तिला?" (संध्याकाळच्या विरार गाडीत दादरला बसायला मिळालं हेच मला आधी पटलं नाही.)

मी रात्री टेस्ट करायला बसलो. कार्टमध्ये एक किलो चिवडा टाकला आणि दर पाच मिनिटांनी रिफ्रेश मारतोय, दीड तास झाला तरी चिवडा जागेवर. वहिनींना सांगून टाकलं की बाईंचं नेटवर्क जात असेल. आता कळतंय किती येडेपणा केला तो, कारण गिऱ्हाइकाचं लॉगिन आणि कार्ट सर्व्हर एका फाइलीत लक्षात ठेवतो, त्यालाच सेशन म्हणतात, आणि प्रत्येक रिफ्रेशला त्या फाइलची वेळ नवी होते, म्हणजे मीच दर पाच मिनिटांनी त्याला जागं ठेवत होतो आणि वर म्हणत होतो बघा मरत नाही! दुसऱ्या दिवशी १०:१२ ला टाकलं आणि हात लावला नाही, १०:४५ ला उघडलं, रिकामं. मग ११:२० ला टाकलं, ११:५० ला साइट न उघडता सेशनची फाइल आहे का एवढंच बघितलं तर होती, १२:१५ ला बघितलं तर गेली. कधी अर्धा तास, कधी पाऊण तासाच्या वर, काही मेळच नाही.

सपोर्ट चॅटवरच्या पहिल्या मुलाने "सर कॅशे क्लिअर करा", "सर दुसऱ्या ब्राउझरमध्ये बघा" यातच चाळीस मिनिटं घालवली. अरे बाबा गिऱ्हाईकांना कुठे कॅशे क्लिअर करायला सांगू. रात्री दीडला दुसरा आला त्याने मात्र दोन मिनिटांत सांगितलं, एक स्टार त्याचाच धरा. सर्व्हर डेबियन या लिनक्स सिस्टिमवर आहे, आणि डेबियनमध्ये पीएचपीची स्वतःची सेशन साफसफाई बंद ठेवलेली असते, त्याऐवजी क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) येतो, दर तासाला ०९ आणि ३९ मिनिटांनी, आणि १४४० सेकंद म्हणजे २४ मिनिटं हात न लागलेली फाइल उचलून टाकतो. लगेच माझा हिशोब जुळला, १०:१२ वाली १०:३९ ला गेली, ११:२० वाली ११:३९ ला लहान होती म्हणून वाचली आणि १२:०९ ला गेली.

"पण मी तर कोडमध्ये इनी-सेट (सेटिंग बदलायची ओळ) लावून सेशनचे चार तास केलेत ना!" तर तो म्हणाला सर, क्रॉन तुमचा कोड वाचत नाही, तो सर्व्हरची सेटिंग वाचतो. सगळ्यांच्या फाइली एकाच फोल्डरमध्ये. म्हणजे चाळीच्या गॅलरीत आपण पापड वाळत घालायचे आणि झाडूवाला त्याच्या वेळेला येऊन सगळं गोळा करणार, तुमचे ओले की सुके त्याला काय.

उपाय म्हणजे कोडमधल्या सेशन-स्टार्टच्या (सेशन सुरू करणारी ओळ) आधी सेव्ह पाथ, म्हणजे फाइली ठेवायची जागा, बदलून स्वतःचा फोल्डर द्यायचा. मी घाईत तो पब्लिक एचटीएमएलच्या, म्हणजे बाहेरच्या जगाला दिसणाऱ्या फोल्डरच्या, आतच केला, ऑफिसातल्या मित्राने बघून शिव्या घातल्या, कारण सेशनच्या फाइलच्या नावातच आयडी, म्हणजे गिऱ्हाइकाची ओळखखूण, असतो, कोणी बाहेरून यादी बघितली तर सरळ वहिनींच्या गिऱ्हाइकाच्या नावाने आत. मग फोल्डर बाहेर काढला, परमिशन ७०० केली (म्हणजे माझ्या खात्याशिवाय कोणी उघडू शकत नाही). शिवाय लॉगिन झालं की सेशन आयडी बदलायचा, ती ओळ पण त्यानेच घालायला लावली.

आठवडाभर मस्त. मग कंट्रोल पॅनलवर लाल पट्टी, फाइलींची मर्यादा संपत आली! या प्लॅनमध्ये जागा "अनलिमिटेड" पण फाइली मोजून, हे विकताना कोणी सांगत नाही. माझ्या फोल्डरात झाडू मारणारा कोणीच नव्हता, आणि मी प्रत्येक पानावर सेशन सुरू करत होतो त्यामुळे येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक बॉटची (आपोआप साइट चाळणारा प्रोग्राम) पण एक फाइल, बहुतेक शून्य बाइटच्या. आता वस्तू कार्टमध्ये टाकली किंवा लॉगिन केलं तरच सेशन सुरू होतं, आणि पॅनलमधून माझा स्वतःचा क्रॉन लावलाय जो चार तासांपेक्षा जुनी फाइल उडवतो. क्रॉन लावायची सोय या प्लॅनमध्ये आहे, हे त्यांच्या बाजूने लिहायलाच हवं, नाहीतर मी गेलो होतो.

कापलेले दोन स्टार पहिल्या चॅटवाल्याचे आणि त्या अनलिमिटेडचे. घ्यायचं असेल तर पैसे भरायच्या आधी चॅटवर विचारा, सेशनचा फोल्डर कॉमन आहे का आणि फाइली किती ठेवता येतात. उत्तरात कॅशे क्लिअर करा आलं तर रात्री दीडला परत विचारा.

विरारच्या बाईंची ऑर्डर आली. अनारसे तोवर संपले होते, शंकरपाळ्यांवर भागवलं.