मराठी टायटल्ससाठी जुळे सोलापुरातला स्टुडिओ: डिझाइन झकास, फाइल मात्र तपासूनच घ्या

या छोट्या स्टुडिओचं पोट लग्नाच्या व्हिडिओंवर चालतं, पण लघुपट-माहितीपटांची टायटल्सही तिथे होतात. चादरीच्या कारखान्यावरच्या माहितीपटासाठी त्यांनी केलेल्या एका मिनिटाच्या नामावलीबद्दल हे लिहितोय.

विणकामातला धोटा डावीकडून उजवीकडे सरकतो, त्याच्यामागे शिरोरेषा उमटते आणि मग तिच्याखाली अक्षरं उतरतात. रोमन अक्षरांसाठी बनलेले तयार इफेक्ट मराठीवर लादण्याची खोड सगळीकडे दिसते. इथे हालचाल लिपीतूनच निघाली आहे, आणि ही या स्टुडिओची खरी ताकद.

यासाठी मजकूर शेपमध्ये, म्हणजे टाइप न करता येणाऱ्या नुसत्या आकारांत, बदलून शिरोरेषा वेगळ्या लेयरवर घेतली आहे. गोम अशी, की शेप झाल्यावर एक वेलांटी बदलायची तरी ते कार्ड (एका वेळी पडद्यावर येणारी नावं) नव्याने करावं लागतं. दोन दुरुस्त्या दरात धरलेल्या आहेत, तिसरीचे पैसे वेगळे. तेव्हा नावांची यादी युनिकोडमध्ये टाइप करा आणि ज्याचं नाव त्यालाच दाखवून मग द्या. आपल्याकडे तेलुगू-कन्नड आडनावं भरपूर. ‘यन्नम’चं ‘यनम’ झालेलं पडद्यावर कुणालाच आवडत नाही. युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमधली यादी दिलीत तर ‘कुऱ्हाडे’सारखी नावं रूपांतरात हमखास बिघडतात.

पहिल्या मसुद्यात दोन दोष होते. अक्षरांमधलं अंतर वाढवल्याने शिरोरेषा तुटली होती, आणि अक्षरागणिक ॲनिमेशन लावल्याने पहिली वेलांटी आपल्या व्यंजनाला सोडून आधीच पडद्यावर येत होती. नाव मोकळं दिसायला हवं असेल तर रुंद वळणाचा फॉन्ट घ्यावा आणि ॲनिमेशन शब्दागणिक लावावं. सांगितल्यावर त्यांनी दोन्ही नीट केलं, कुरकूर न करता.

काळ्यावर बारीक लाल अक्षरं ठेवायचा त्यांचा हट्ट मात्र चुकीचा. मॉनिटरवर ती छान दिसतात, पण नेहमीच्या एच-२६४ (आकार दाबून लहान केलेल्या) व्हिडिओ फाइलमध्ये रंगाची माहिती निम्म्या रिझोल्यूशनने साठते, त्यामुळे लाल कडा फिसकटतात. रेघ जाड करा नाहीतर मळकट पांढरा वापरा.

तीन नावांचं कार्ड दोन सेकंदांत उडतं, तेही कमीच. सावकाश दोनदा वाचून होईल इतकं, म्हणजे साडेतीन-चार सेकंद हवं.

डिलिव्हरीत खरी ढिलाई आहे. काम सेकंदाला 25 फ्रेमवर करून देतात. थिएटरसाठी 24 फ्रेमची डीसीपी (थिएटरात दाखवायची डिजिटल प्रत) करताना तेच फ्रेम सावकाश चालवले तर 60 सेकंदांची नामावली साडेबासष्ट सेकंदांची होते आणि पार्श्वसंगीताचा सूरही उतरतो. शिवाय 1920 बाय 1080 ची चौकट स्कोपमध्ये, म्हणजे सिनेमाच्या जास्त लांबट चौकटीत, कापली तर वर-खाली मिळून जवळपास 276 पिक्सेल जातात. आधी बळी पडतात ते काठाजवळच्या ओळींतले उकार. सिनेमा कोणत्या फ्रेमरेटचा, चौकट फ्लॅट (स्कोपपेक्षा कमी लांबट) की स्कोप, हे आगाऊ रकमेआधीच लिहून द्या. अल्फासह, म्हणजे पारदर्शक पार्श्वभूमीसह, प्रोरेस 4444 ही उच्च दर्जाची व्हिडिओ फाइल मागा, आणि मूळ प्रोजेक्ट फाइलही. ती मागितल्याशिवाय मिळत नाही.