धावणारा बैल: सुट्या फायली की एकच स्प्राइट शीट?

पायगेममध्ये (पायथन भाषेत गेम करायची लायब्ररी) गेम करणाऱ्याला एका टप्प्यावर हे ठरवावंच लागतं. धावण्याची चित्रं वेगवेगळ्या पीएनजी फायलींत ठेवायची, की एकाच मोठ्या चित्रावर, म्हणजे स्प्राइट शीटवर, ओळीनं मांडायची? (अ‍ॅनिमेटेड जीआयएफचा विचार सोडा, साधं इमेज लोड त्यातलं पहिलंच चित्र उचलतं.) मी दोन्ही करून बघितलंय.

माझा गेम गाडा शर्यतीचा. खानापूरकडं चुलत्याच्या शेतात बैल पळताना मोबाईलवर व्हिडिओ घेतला आणि त्यावरून क्रिता या चित्रं काढायच्या प्रोग्रॅममध्ये बारा फ्रेम, म्हणजे धावण्याची बारा चित्रं, काढल्या. पहिल्यांदा बाराही सुट्या ठेवल्या. त्याची सोय खरीच मोठी आहे. चौथ्या फ्रेममधलं शिंग वाकडं वाटलं, तर तेवढीच फाइल उघडायची, दुरुस्त करायची, झालं. नावांचा घोळ मात्र लगेच झाला. नावानं क्रम लावला की 10 हा 2 च्या आधी येतो आणि बैलाचे पाय गुंततात. 01, 02 अशी नावं दिली आणि तो प्रश्न मिटला.

खरा त्रास पुढंच होता. जागा वाचावी म्हणून मी प्रत्येक चित्र बैलापुरतं कापून सेव्ह केलं होतं. अंग ताणलेल्या फ्रेमचं चित्र लांब आणि बुटकं, पाय गोळा केलेल्या फ्रेमचं आखूड आणि उंच. ब्लिट, म्हणजे पडद्यावर चित्र ठेवायची आज्ञा, चित्र मांडते ते डाव्या वरच्या कोपऱ्यापासून. पाठ एका रेषेत राहिली आणि खूर वर-खाली व्हायला लागले. भाची शेजारी बसली होती, ती म्हणाली, "मामा, बैल पळत नाही, नाचायलाय की!"

मग रेक्टच्या (चित्राभोवतीच्या चौकटीच्या) मिडबॉटमला, म्हणजे खालच्या कडेच्या मध्याला, चित्र टेकवलं. खूर जमिनीवर आले, पण उसळीच्या फ्रेममध्येही ते जमिनीलाच चिकटले आणि उसळीच गेली. शिवाय शेपूट मागं उडाली की चित्राची रुंदी वाढते, मध्य सरकतो आणि वशिंड पुढं-मागं हलतं. प्रत्येक फ्रेमला वेगळी दुरुस्ती लिहीत दोन संध्याकाळी गेल्या. मी शीटकडं वळलो ते ह्याचमुळं.

शीटमध्ये प्रत्येक घर 128 बाय 96 चं, बारा घरांची पट्टी 1536 पिक्सेल रुंद. जमिनीची रेषा सगळ्या घरांत एकाच उंचीवर आखली. उसळी चित्रातच राहिली आणि सबसरफेसनं (शीटचा हवा तेवढा तुकडा देणारी आज्ञा) घरं कापून घेतली, की कोडमध्ये दुरुस्तीची एकही ओळ लागत नाही. सुट्या फायलीही न कापता सारख्या मापाच्या ठेवल्या तर हेच साधतं, हे मान्य. पण कधीतरी एखादी फाइल कापली जातेच. शीटमध्ये ती वाटच नाही.

शीटचा त्रास एकच सांगण्यासारखा. एक्स्पोर्ट करताना घरांमध्ये एक पिक्सेल मोकळा सुटला होता आणि कोडमध्ये मी तो धरला नव्हता. बाराव्या घरापर्यंत अकरा पिक्सेलची चूक साठली आणि बैलाच्या तोंडापुढं शेजारच्या शेपटीची चिंधी दिसायला लागली. ते अंतर शून्य ठेवा.

वेगाचा प्रश्न दोन्हीकडं सारखाच. गेमच्या लूपच्या सेकंदाला 60 फेऱ्या धरून दर पाच फेऱ्यांनी चित्र बदललं, तर बारा फ्रेमची एक ढांग एका सेकंदात होते. घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर 30 च फेऱ्या पडायच्या, तिथं बैल निम्म्यानं मंदावला. क्लॉक टिक मागच्या फेरीपासूनचे जे मिलिसेकंद परत देतं, त्यावरून चित्र बदला.

तुमचं काम दोन-तीन फ्रेमचं असेल, किंवा चित्रं अजून रोज बदलत असतील, तर सुट्या फायलींत काही बिघडत नाही. पण पाय असलेलं, जमिनीवरून पळणारं काही असेल तर, मला वाटतं, पहिल्या दिवसापासून शीटच घ्यावी. माझे बैल आणि गाडीवान आता शीटवर आहेत. शेवटच्या रेषेवरचा झेंडा तेवढा तीन सुट्या फायलींतच आहे. त्याला खूर नाहीत.