चोडणची होडी फेरी: प्रश्न विचारून आम्ही दमलो, काका दमले नाहीत

गेल्या रविवारी सकाळी गोव्यात रायबंदरहून फेरीबोटीने चोडण बेटावर गेलो, मी, बायको, आई आणि आमचा 9 वर्षांचा प्रश्नवाला. डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य म्हणजे जेमतेम 1.78 चौरस किलोमीटर, 1988 सालचं, बहुतेक सगळी खारफुटीच, आणि आम्ही फोंड्याचे असूनही आजवर तिथे पाऊल ठेवलं नव्हतं, सांगायला लाज वाटते. ओळखीच्या एकाने होडीवाल्या काकांचा नंबर दिला होता. हा रिव्ह्यू त्यांच्या फेरीचा आहे, अभयारण्याचा नाही.

आधी तक्रार सांगून मोकळा होतो. सातची वेळ ठरलेली, काका आले पावणेआठला, मध्ये तीन वेळा फोन केला तर उचलला नाही, आणि माझ्या लाईफ जॅकेटचा हूक तुटलेला तो सुतळीने बांधलेला. एक स्टार तिथेच कापला.

पण होडी तिवराच्या (खारफुटीतल्या एका झाडाच्या) सावलीत शिरली आणि पोरगं सुरू झालं, काका ही मुळं उलटी का, वर का आलीत? दुसरा कुणी असता तर ‘असंच असतं बाळा’ म्हणून वल्हं मारत राहिला असता. ह्यांनी वल्हं खाली ठेवलं, मूठभर काळा चिखल उचलला आणि सरळ पोराच्या नाकापुढे धरला. कुजक्या अंड्याचा वास! म्हणाले ह्यात हवा नाही रे, म्हणून चिखलातले बारीक जिवाणू हा वास सोडतात, आणि मुळांना तर श्वास हवाच, मग ती टोकं वर काढतात, त्यांच्यावर बारीक छिद्रं असतात, ओहोटीला त्यातून हवा आत जाते. मग तिवराचं एक पान तोडून ‘जीभ लाव’ म्हणाले. पोराने लावली, बायकोने डोळे वटारले, पण पान खरंच खारट होतं! तिवर जास्तीचं मीठ पानांवाटे बाहेर टाकतो, उन्हात पांढरे कण दिसतात. शेजारच्या कांदळाची, म्हणजे खारफुटीतल्याच दुसऱ्या झाडाची, तऱ्हा वेगळी, तो बरंचसं मीठ मुळाशीच अडवतो, आणि त्याच्या बिया झाडावरच रुजून शेवग्याच्या शेंगेसारख्या लोंबत असतात.

चिखलावर एक डांगा (नांगी) मोठी असलेले खेकडे हात हलवत होते, तो नर, मादीला बोलावतोय म्हणे. आणि तेवढी मोठी डांगा खायला कामाची नाही, खाणं बारक्या डांगेनेच. इथे आईला आठवलं, मोरजीला किनाऱ्यावर वाळूच्या इतक्या बारीक गोळ्या कोण करून ठेवतं हो? काका म्हणाले खेकडेच, वाळू तोंडात घेऊन त्यातलं खाण्याजोगं तेवढं काढून घेतात आणि उरलेली वाळू गोळी करून टाकतात. आई गप्प बसली, मग म्हणाली, इतकी वर्षं मी ती खेकड्याची अंडी समजून पाय चुकवत चालत होते. होडीत सगळे हसलो, काकाही.

निवट्या तर पोराने डोक्यातच घेतल्या. मासा असून चिखलावर उड्या कसा मारतो? काका म्हणाले ओल्या कातडीतून श्वास घेतो, कल्ल्यांच्या पोकळीत थोडं पाणी धरून ठेवतो, म्हणूनच मधेमधे चिखलात लोळून अंग ओलं करतो, कोरडा पडला की संपला. आता घरी बादलीतल्या सुंगटांना (कोळंबीला) ‘तुम्ही पण बाहेर या’ म्हणत बसलेला असतो.

मला सगळ्यात आवडलं ते वेगळंच. बायकोने विचारलं, कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरी दिसतात ना, पण मगर तर गोड्या पाण्यातली, मग त्या खाऱ्या पाण्यात कशा राहतात? काकांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, ‘म्हाका खबर ना’, म्हणजे मला माहीत नाही. उगाच काहीतरी ठोकून दिलं नाही. असा गाईड मी तरी पहिल्यांदाच बघितला, बाकीचे तर प्रत्येक प्रश्नाला उत्तर तयार ठेवून असतात.

माझे 5 पैकी 4 स्टार. लाईफ जॅकेट बसायच्या आधी स्वतः तपासून घ्या, टोपी आणि पाणी न्या, पोरांना जुने कपडे घाला. आणि बुक करताना काकांना ओहोटीची वेळ विचारा, ती रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते, भर भरतीला गेलात तर खेकडे, निवट्या, उलटी मुळं सगळं पाण्याखाली, मग नुसती झाडं बघून परत यायचं.