टेफ्लॉन तोटीची 50 मिलीलिटर ब्युरेट : वर्षभराच्या वापरानंतर

आमच्या कनिष्ठ महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत गेल्या वर्षी काचेच्या तोटीऐवजी टेफ्लॉनची तोटी असलेल्या ब्युरेट (द्रव मोजून थेंबाथेंबाने सोडण्याच्या खुणा केलेल्या काचनळ्या) घेतल्या. पुरवठादाराच्या माहितीपत्रकात अचूकतेच्या प्रमाणपत्राचेच कौतुक अधिक असले, तरी आम्ल-अल्कली अनुमापनासाठी, म्हणजे एक द्रावण दुसऱ्यात मोजून सोडत त्याची तीव्रता काढण्यासाठी, या ब्युरेटचे खरे मोल तिच्या तोटीत आहे, असे माझे मत झाले आहे.

0.1 मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाचे 25 मिलीलिटर द्रावण शंकुपात्रात घेऊन वरून तेवढ्याच तीव्रतेचे सोडियम हायड्रॉक्साइड सोडले, तर 24.95 मिलीलिटरला मिश्रणाचा सामू (pH, आम्लता-अल्कतेचे माप) 4 च्या आसपास असतो आणि 25.05 मिलीलिटरला तो 10 च्या घरात जातो. एक थेंब साधारण 0.05 मिलीलिटरचा धरला, तर ही सगळी उडी दोन थेंबांत होते. रंगाने शेवट दाखवणारा दर्शक फिनॉल्फ्थॅलीन साधारण 8.2 ते 10 या टप्प्यात गुलाबी होत असल्यामुळे रंग नेमका याच उडीत उमटतो. म्हणून शेवटी थेंब हवा तेव्हा थांबला पाहिजे. या तोटीवर तो थांबतो, इतकेच नव्हे तर टोकाशी लोंबणारा अर्धा थेंब पात्राच्या कडेला टेकवून धुऊन घेणेही मुलांना जमू लागले आहे.

काचेच्या तोटीला ग्रीस लावावे लागते. ते जास्त झाले की टोकात अडकते आणि कमी झाले की तोटी गळते. त्यातच सोडियम हायड्रॉक्साइड काचेला खात असल्याने, ब्युरेट न धुता ठेवली की तोटी जागीच घट्ट बसते. परीक्षेच्या सकाळी अशी ब्युरेट हाती आलेल्या विद्यार्थ्याची काय अवस्था होते, हे शिक्षकांना सांगायला नको. टेफ्लॉनला ग्रीस लागत नाही आणि अल्कलीचा त्याच्यावर परिणाम होत नाही. मात्र या तोटीची चाकी (नट) अधूनमधून सैल पडते, त्यामुळे प्रयोगाचा तास सुरू होण्यापूर्वी पाणी भरून गळती पाहून घ्यावी.

अचूकतेचे म्हणाल, तर ‘अ’ वर्गाच्या ब्युरेटला 0.05 आणि ‘ब’ वर्गाच्या ब्युरेटला 0.1 मिलीलिटर इतकी चूक मान्य असते. बारावीच्या ऑक्झॅलिक आम्लाच्या अनुमापनाला ‘ब’ वर्ग पुरतो, असे मला वाटते; 10 मिलीलिटरच्या रीडिंगमध्ये त्यामुळे फार तर एक टक्का फरक पडेल आणि डोळा पातळीच्या वर ठेवून वाचणारी मुले त्याहून मोठी चूक सहज करतात. तरीही नवी ब्युरेट तपासून घेणे सोपे आहे : 27 अंश सेल्सिअसला सोडलेल्या 10 मिलीलिटर ऊर्ध्वपातित पाण्याचे वजन हवेत साधारण 9.955 ग्रॅम भरले पाहिजे.

नाराजी आहे ती छपाईवर. काही ब्युरेटवरच्या आकड्यांचा रंग अल्कलीयुक्त द्रावणाने धुतल्यामुळे फिका पडला आहे. ज्यांच्या पाठीमागे पांढऱ्या पट्टीवर निळी रेघ आहे, त्या मात्र थोडे पैसे जास्त मोजून घ्याव्यात, कारण द्रवाच्या वक्र पातळीशी ती रेघ टोकदार दिसते आणि रीडिंगवरून होणारे वाद कमी होतात.

काचतोटीच्या जुन्या ब्युरेट मोडीत काढू नयेत. आम्ल आणि पोटॅशियम परमँगनेट त्यांत भरावे आणि अल्कलीसाठी नव्या ठेवाव्यात.